चिजेचे शब्द आणि ऐकणाऱ्याचे मन

प्रश्न : मी गेली वीस-बावीस वर्षे ख्यालगायन ऐकत आले आहे. मागच्या महिन्यात घरी एका जुन्या गायकांचे ध्वनिमुद्रण लावले होते. महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मुलीने द्रुत चिजेचे, म्हणजे जलद लयीतल्या बंदिशीचे, शब्द नीट ऐकले आणि ती म्हणाली, "आई, पाण्याला निघालेल्या बाईची वाट अडवून कुणी तिचा हात पिरगाळतो, तिच्या बांगड्या फुटतात, ती ‘सोड’ म्हणते आहे, आणि तू समेवर मान डोलावतेस. तुला काहीच वाटत नाही?" मला उत्तर देता आले नाही. खरे तर ते शब्द मला कधीच आवडले नव्हते. मी ते कानाआड करीत आले. सासू-नणंदेच्या धाकाच्या आणि सवतीमत्सराच्या चिजांचेही तेच. शब्द नकोत आणि गाणे मात्र हवे, ही रसिकता म्हणावी की अप्रामाणिकपणा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलीचा प्रश्न रास्त आहे, हे प्रथम तिला सांगावे. ‘ती कृष्णलीला आहे’ एवढे म्हणून तिला गप्प करू नये. भक्ताच्या मनात त्या छेडछाडीला निराळा अर्थ असतो हे खरे. पण रस्त्यावर तसाच अनुभव येऊ शकणाऱ्या मुलीने तो अर्थ निमूटपणे स्वीकारावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

आता आपल्या आनंदाविषयी. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण मिनिट किंवा त्याहूनही अधिक चालते, आणि अर्ध्या तासाच्या ख्यालात स्थायी आणि अंतरा हे चिजेचे दोन्ही भाग मिळून शब्द असतात चार ओळींचे. त्यातला बहुतेक वेळ मुखड्याचे, म्हणजे चिजेच्या सुरुवातीच्या तुकड्याचे, दोन-तीन शब्दच पुन्हा पुन्हा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतात. त्या अर्ध्या तासात कान ज्याच्या मागे जातो ते म्हणजे एखाद्या स्वरावर गायकाने किती थांबावे, वरच्या षड्जाची, म्हणजे ‘सा’ची, वाट किती वेळ पाहायला लावावी आणि आवर्तन संपत आले असताना मुखडा कुठून उचलावा. चिजेतल्या बाईची तक्रार या प्रवासाला निमित्त देते, पण प्रवास तिच्या तक्रारीचा नसतो. म्हणूनच खर्जातल्या भारदस्त आवाजाचा बुजुर्ग गवई ‘सास-ननद’ म्हणतो तेव्हा ते कुणालाही विसंगत वाटत नाही. सदारंग या जुन्या ख्यालरचनाकाराच्या कित्येक चिजांत मुहम्मदशाह या मोगल बादशहाचे नाव येते. 1719 ते 1748 या काळात दिल्लीच्या तख्तावर असलेल्या त्या बादशहाची स्तुती ऐकताना आपण त्याचे प्रजाजन होत नाही. तेव्हा शब्द बाजूला ठेवण्याची ही सवय आपल्या एकटीची नाही. ख्याल ऐकणाऱ्या साऱ्यांनाच ती थोडीफार असते.

शास्त्रकारांनाही हा भेद ठाऊक होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गीताच्या शब्दांना ‘मातु’ आणि स्वररचनेला ‘धातु’ म्हटले आहे. जो दोन्ही रचतो तो वाग्गेयकार. त्याच्या प्रती लावताना शार्ङ्गदेव म्हणतो, की ज्याचा धातु सरस पण मातु दुबळा तो मध्यम, आणि मातु रम्य असूनही ज्याचा धातु मंद तो अधम. हा उतरता क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. उत्तमाच्या ठिकाणी दोन्ही लागतात, हे त्याने सोडलेले नाही. पण एकच पदरी पडणार असेल तर त्याचा कौल स्वररचनेला आहे.

महाराष्ट्रात याचा दाखला नाट्यसंगीताने दिला. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती उघडल्या तर पदाच्या डोक्यावर राग आणि तालाबरोबर ‘चाल’ दिलेली दिसते. म्हणजे हे पद कोणत्या आधीच्या चिजेवर बांधले, ते. 1916 च्या ‘स्वयंवर’ नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी आपल्या संग्रहातल्या चिजांवर मराठी पदे बसवली, आणि मूळ शब्द गळून पडले तरी चाली आपल्या तेजाने उभ्या राहिल्या.

येथपर्यंत मी आपल्या बाजूने बोललो. पण ‘ख्यालात शब्दांना अर्थच नसतो’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला मान्य नाही. ‘आ’चा स्वर कोठे मोकळा सुटावा, ‘क’ किंवा ‘ट’सारख्या कठोर व्यंजनाचा ठोसा कोणत्या मात्रेवर पडावा, हे शब्दच ठरवतात. मी स्वतः एका चिजेतला एक शब्द अनेक वर्षे चुकीचा गात होतो. गुरुजींनी तो दुरुस्त केला, शेवटच्या ‘ई’च्या जागी ‘आ’ आला, आणि समेवर येताना आवळला जाणारा आवाज एकदम मोकळा झाला. ठुमरीत तर शब्द बाजूला ठेवताच येत नाहीत. तेथे एकाच ओळीला स्वरांची निरनिराळी वळणे देऊन बोलबनाव होतो, त्यातून कधी रुसवा, कधी विनवणी निघते, आणि ही सारी कारागिरी शब्दाच्या अर्थावरच चालते. ठुमरीचे शब्द आपल्याला खुपत असतील तर ती ठुमरी न ऐकणेच बरे. अभंग आणि भावगीत यांविषयी वेगळे सांगायला नको.

शब्द खुपतात म्हणून ते बदलण्याचा प्रयत्नही झालेला आहे. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी शृंगाराच्या चिजांत भक्तीचे शब्द घातले, कारण सभ्य मानल्या जाणाऱ्या घरांतल्या मुलींपर्यंत गाणे पोहोचावे ही त्यांची तळमळ होती. तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. तरी मोठ्या चिजेत नवे शब्द बसवले की जुने आघात हलतात, आणि बांधणीचा डौल उणावतो, असे माझे मत आहे. त्यापेक्षा नवी चीज बांधणे मला अधिक योग्य वाटते. प्रभा अत्रे यांनी स्वतःच्या अनेक बंदिशी रचल्या आणि गायल्या. शिवाय ज्या सरगमेत स्वरांची नावे हेच बोल असतात तिचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता. तराण्यातही गायक ‘दीम’, ‘तनोम’, ‘दिर दिर’ अशा अक्षरांवर राग उभा करतो. हे दोन्ही प्रकार मुलीला ऐकवावेत, आणि ऋतू, रात्र, नाद किंवा गुरू यांवरच्या चिजाही ऐकवाव्यात.

अप्रामाणिकपणाविषयी आपण विचारले आहे. शब्द समजून घेऊन ते नापसंत करणे आणि तरीही त्या स्वरांवर प्रेम करणे यात मला खोटेपणा दिसत नाही. खोटेपणा असलाच तर तो शब्द ऐकूच आले नाहीत असे म्हणण्यात आहे. आपल्या मुलीला सांगावे, की ते शब्द मलाही आवडत नाहीत, आणि मी मान डोलावते ती गायकाने घेतलेल्या स्वरांच्या जागेला.

प्रश्न : मला ब्रजभाषा कळत नाही. चिजेचा अर्थ न कळल्यामुळे माझे ऐकणे अपुरे राहते काय?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : रागाचा आनंद त्यामुळे अडत नाही. तोंडी परंपरेत चिजांचे शब्द इतके झिजले आहेत, की काही ठिकाणी गाणाऱ्यालाही अर्थ लागत नाही. तरीही शब्द जाणून घ्यावेत, असेच मी म्हणेन. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून स्वरलिपीसह छापल्या. त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग आहेत आणि ती मुळात मराठीतच निघाली. आपण ऐकता ती चीज त्यात असेल तर शब्द दोन-तीनदा वाचावेत आणि मग ध्वनिमुद्रण पुन्हा लावावे. शब्द ओळखीचा झाला, की गायक कोणत्या अक्षरावरून समेकडे वळतो ते ऐकू येऊ लागते.