आधी पाण्याची वेळ विचार

प्रिय पोरी,

डोंबिवलीतल्या आपल्या बिल्डिंगच्या इतिहासाचं तुझं टिपण दोनदा वाचलं. 1854 मध्ये ठाण्यापासून कल्याणपर्यंत रेल्वे आली, 1983 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, सगळं बरोबर आहे. पण त्यात आपली बिल्डिंग मला कुठे दिसली नाही. दिवाळीनंतर पुनर्विकासासाठी घरं रिकामी करायची आहेत. सनावळ्या नंतरही सापडतील. माणसं एकदा पांगली की नाही सापडणार.

तेव्हा आधी तळमजल्यावरच्या आजींकडे जा. ‘जुनं डोंबिवली कसं होतं?’ असं विचारू नकोस. ‘छान होतं गं’ म्हणून त्या चहा टाकायला उठतील. पाणी किती वाजता यायचं, ते विचार. मग पहाटेचा नळ निघेल, टाकीची किल्ली कुणाकडे असायची ते निघेल, घरात बाळंतीण असली की तिच्या हंड्याला पहिला नंबर मिळायचा, तेही निघेल. सासूबाईंना मी हे कधी विचारलं नाही. त्या गेल्यावर समजलं, टाकीसाठी पहिले पैसे कुणी घातले ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. अजून रुखरुख लागते.

आपल्यातले बरेचसे गिरगाव, परळ, दादरच्या एका खोलीतून इथे आले. धाकट्या दिराचं लग्न ठरलं, खोली पुरेना. ‘स्वतंत्र संडास असलेली जागा’ मिळाली, हे शब्द आजी वापरतील. तसेच लिही, सुधारू नकोस.

मग लोकल. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गाडीतच मटार सोलायच्या, आणि त्यांचं डोहाळजेवणही डब्यातल्या बायकांनीच केलं. पोळी-भाजी केंद्रातल्या बाईंनाही भेट. नोकरीवरून थकून आलेल्या बायकांचं घर कसं चाललं, ते त्यांच्या हिशोबाच्या वहीत आहे.

शन्ना नवरे आणि पु. भा. भावे हे लेखक इथे राहायचे, 2017 मध्ये साहित्य संमेलन भरलं, यावर दोन ओळी पुरेत. गणेश मंदिराला मात्र जागा दे. 1924 पासूनचं हे देऊळ. गुढीपाडव्याची शोभायात्रा 1999 मध्ये तिथूनच सुरू झाली आणि पुढे गावोगावी गेली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नव्या कपड्यांत नुसतं भेटायला जमणारी गर्दी तू पाहिली आहेस. तिथे कुणाची लग्नं जुळली, ते विचारायला लाजू नकोस.

एक गोष्ट गाळू नकोस. आपण यायच्या आधी इथे आगरी कुटुंबांची भातखाचरं होती. ज्यांच्या शेतावर आपली बिल्डिंग उभी राहिली, त्यांची नातवंडं याच शहरात आहेत. त्यांच्याकडेही वही घेऊन जा, आणि ते रागावून बोलले तर तेही उतरून घे. आपल्या शेजारधर्माच्या गोष्टी त्याशिवाय अर्ध्याच राहतात.

सोसायटीच्या सभांचं पहिलं वृत्तपुस्तक माझ्या कपाटात आहे. शनिवारी चारनंतर ये. पानं सुटी झाली आहेत, फोटो काढताना हलक्या हातानं उलट.

तुझी,
काकू