प्रश्न विचारला की तीच चार-पाच मुलं हात वर करतात. बाकीच्यांना कसं बोलतं करू?

तुमच्या वर्गात ३८ मुलं आहेत आणि बहुतेक जण मान खाली घालून बसतात, असं तुम्ही लिहिलंय. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. माझ्या अनुभवातून सांगते.

आधी हात वर करायला लावणंच बंद करा. प्रश्न विचारा आणि थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मी मनात पाच आकडे मोजते. सुरुवातीला ती शांतता फार जड जाते. मग उत्तर शेजारच्याला सांगायला लावते आणि त्यानंतर कुणालाही उठवते. “आम्ही दोघींनी असं ठरवलं,” म्हणताना भीती वाटत नाही.

पण नुसतं थांबून भागत नाही. आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जातात, मार्च-एप्रिलात परततात. आईबापांसोबत गेलेली लेकरं येतात तेव्हा वर्ग कुठल्या कुठे गेलेला असतो. तिसरीतली अशीच एक मुलगी महिनाभर “हो बाई”च्या पलीकडे बोलली नव्हती. तिला काही येत नाही, असं मी धरून चालले होते. ती माझी चूक.

एकदा ४२ वजा १७ काड्यांवर करत होतो. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे रबर लावून बांधलेले, दोन काड्या सुट्या. दोनातून सात कशा काढायच्या? पुढची मुलं “हातचा घ्यायचा” म्हणाली, पण म्हणजे काय करायचं, हे एकालाही सांगता येईना. ही उठली, एक गठ्ठा उचलला, रबर काढलं आणि म्हणाली, “मोळी सोडावी लागंल की, बाई.”

फडात उसाच्या मोळ्या बांधताना तिने रोज पाहिलं होतं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात दशकाला मोळीच म्हणतात, आणि मोळी कशी बांधतात, वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पानांची, गाठ कशी मारतात, हे तिने सगळ्यांना करून दाखवलं.

एक साधी सवय लावून घ्या. हजेरीपत्रकाची प्रत काढून टेबलावर ठेवा, दिवसभरात जो बोलला त्याच्या नावापुढे खूण करा. शनिवारी ज्यांच्या नावापुढे खूण नसते, त्यांच्या शेजारी मी सोमवारी आधी जाऊन बसते.