वजूच्या गुळणीतलं पाणी

प्रिय,

सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोलीतला मित्र रमजानभर रोजे धरतो, त्याला सारखं विचारायला संकोच वाटतो, पण समजून घ्यायचंय आणि जमलं तर एखादा रोजा त्याच्याबरोबर धरूनही बघायचाय, असं तू लिहिलंस. सगळ्यात शेवटी, पान संपता संपता एक प्रश्न विचारलास: ‘पाणीसुद्धा नाही?’ मी तिथूनच सुरुवात करतो.

नाही, पाणीसुद्धा नाही. पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत खाणं, पिणं, धूम्रपान, नवराबायकोचा संग, सगळं बंद. आणि गंमत अशी की रोजेदार दिवसभर पाण्यापासून लांब राहू शकत नाही. नमाजेआधी वजू करायचा असतो. हात, तोंड, पाय धुवायचे, ओल्या हातानं डोकं पुसायचं आणि त्यात गुळणीही करायची. मी पहिला रोजा धरला तेव्हा लहान होतो, दिवस उन्हाळ्याचे होते. दुपारी वजूला गेलो, ओंजळभर गार पाणी तोंडात घेतलं आणि तसाच थांबलो. घशाला कोरड पडलेली. दाराला आतून कडी. एक घोट गिळला असता तर आईला कळलं नसतं, वडिलांना कळलं नसतं. बाहेर आल्यावर माझं तोंड जसं ओलं दिसायचं तसंच दिसलं असतं. पाणी तोंडातच कोमट झालं, मग थुंकून टाकलं. बाहेर येऊन कुणाला काही बोललो नाही, सांगण्यासारखं घडलंच काय होतं? श्रद्धा, इमान हे मोठे शब्द मला पुष्कळ नंतर समजले. पण बंद दाराआड कुणीतरी आपल्याला बघतंय, हे मी खरंच मानतो की नुसतं म्हणतो, याचा निकाल त्या दुपारी लागला होता.

नमाज चारचौघांत दिसते. हजला जाणारा सगळ्यांना ठाऊक असतो. दान घेणाऱ्याला तरी दान कळतं. रोजा मात्र कुणाला दिसत नाही, तो न केलेल्या गोष्टींचा बनलेला असतो. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांची वचनं आणि आचरण सांगणाऱ्या कथनांत, एक वचन अल्लाहच्या शब्दांत आलंय: रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचं फळ मीच देईन. माझ्या मते ते यासाठीच. म्हणून तुझ्या मित्राची भूक समजून घ्यायची असेल तर आधी तो कुणाला साक्षी मानतो ते समजून घे.

कुरआनात ११४ सूरा, म्हणजे अध्याय आहेत. त्यातली ११२वी चार छोट्या ओळींची आहे आणि लहान मुलांनाही पाठ असते. अल्लाह एक आहे. तो कुणावर अवलंबून नाही, सगळे त्याच्यावर अवलंबून आहेत. त्यानं कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही. त्याच्या तोडीचा कुणी नाही. याला तौहीद म्हणतात आणि इस्लाममधलं बाकी सगळं या चार ओळींतून निघतं. ‘अल्लाह’ हा मुसलमानांच्या वेगळ्या देवाचा शब्द आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तो ईश्वरासाठीचा अरबी शब्द आहे आणि अरबी बोलणारे ख्रिश्चनही प्रार्थनेत हाच शब्द उच्चारतात. त्याचं चित्र नाही, मूर्ती नाही. प्रेषित मुहम्मद (स., म्हणजे त्यांच्यावर शांती असो) यांची पूजा आम्ही करत नाही. ते मक्केत जन्मलेले, ६३२ साली मदिनेत वारलेले माणूसच होते, अल्लाहचा शेवटचा संदेश आणणारे. त्यांच्याआधीच्या प्रेषितांना, म्हणजे इब्राहिम, मूसा, ईसा या सगळ्यांना मानल्याशिवाय माणूस मुसलमान ठरत नाही. ज्यांना तू मोझेस आणि येशू म्हणून ओळखतोस तेच मूसा आणि ईसा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुष्कळांना ठाऊक नसतं.

श्रद्धेची पूर्ण चौकट एका प्रसंगात आली आहे. मला तो प्रसंग फार आवडतो. प्रेषित सोबत्यांमध्ये बसले होते. एक अनोळखी माणूस आला. कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर. अंगावर प्रवासाची खूण नाही आणि तरी तिथल्या एकालाही तो ओळखीचा नाही. सरळ पुढे येऊन प्रेषितांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि विचारू लागला. इस्लाम म्हणजे काय? उत्तर आलं: अल्लाहखेरीज कुणी पूज्य नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत अशी साक्ष, नमाज, जकात म्हणजे बंधनकारक दान, रमजानचे रोजे आणि ऐपत असेल तर काबेची यात्रा. इमान म्हणजे काय? अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, न्यायाचा दिवस आणि बरंवाईट दैव यांवर विश्वास. आणि एहसान म्हणजे काय? उत्तर आलं: अल्लाहची इबादत अशी कर, जणू तू त्याला बघतो आहेस, आणि तू त्याला बघत नसलास तरी तो तुला बघतो आहे. तो माणूस उठून गेला. मग प्रेषितांनी सांगितलं की ते फरिश्ता जिब्रील होते, तुम्हाला तुमचा धर्म शिकवायला आले होते.

तिसरं उत्तर पुन्हा वाच. वजूच्या वेळी बंद दाराआड मी जे चाचपडत होतो, ते हेच.

आता रमजान. हा हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र वर्षाचा नववा महिना. ६१०च्या सुमाराला मक्केजवळच्या हिरा गुहेत मुहम्मद (स.) एकांतात बसले असताना कुरआन उतरायला सुरुवात झाली, ती याच महिन्यात. पहिला शब्द होता ‘इकरा’, वाच. म्हणजे रमजान आधी कुरआनाचा महिना आहे, मग उपाशी राहण्याचा. रोजे बंधनकारक झाले ते पुढे, मदिनेत, हिजरीच्या दुसऱ्या वर्षी, इ. स. ६२४मध्ये. दुसऱ्या सूरेत ती आज्ञा आहे आणि तिच्यातच कारणही आहे: तुमच्या आधीच्या लोकांना सांगितले होते तसेच तुम्हालाही रोजे सांगितले आहेत, म्हणजे तुमच्यात तकवा येईल. तकवा म्हणजे अल्लाहची जाण ठेवून जपून वागणं. शरीर शुद्ध होतं, वजन उतरतं, पोटाला विश्रांती मिळते, ही कारणं हल्ली पुष्कळ ऐकू येतात. होतही असेल तसं. पण त्यासाठी कुणी रोजा धरत असेल तर तो रोजा नव्हे, पथ्य झालं.

महिना चंद्रावर चालतो, २९ किंवा ३० दिवसांचा. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून मूळ जागी येतो. उन्हाळ्यातला लांबलचक रोजा कायमचा कुणा एकाच्या वाट्याला येत नाही. माझा पहिला रोजा ज्या उन्हात झाला, त्याच उन्हात रमजान परत आला तेव्हा वजूला माझी मुलगी गेली होती. जरा जास्तच वेळ आत राहिली. मी दाराबाहेर होतो. ती आली, मी काही विचारलं नाही.

दिवसाची सुरुवात पहाटेआधीच्या जेवणानं होते, त्याला सहेरी म्हणतात. काही जण झोपेसाठी ती टाळतात, ते बरं नव्हे. सहेरीत बरकत आहे असं प्रेषितांचं सांगणं आहे. खाणं कधी थांबवायचं? कुरआन म्हणतं, पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या. अदी बिन हातिम या सोबत्यांनी हे ऐकून खरोखरच एक पांढरा आणि एक काळा धागा उशाखाली ठेवला आणि रात्रभर उठून उठून बघत राहिले. काही उमगेना. सकाळी जाऊन विचारलं तेव्हा प्रेषितांनी सांगितलं की धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. त्या उशाखालच्या धाग्यांचं मला कौतुक वाटतं. आज्ञा नीट पाळता यावी म्हणून एक माणूस रात्रभर जागला.

संध्याकाळी सूर्य मावळला की लगेच इफ्तार. उशीर लावण्यात पुण्य नाही, उलट लवकर सोडण्यात भलाई सांगितली आहे. खजूर मिळाला तर खजूर, नाहीतर पाणी. शब्द नीट लक्षात ठेव: संध्याकाळी रोजा ‘सोडतात’, मधेच खाल्लं तर तो ‘मोडतो’. आणि चुकून, विसरून खाल्लं-प्यालं तर तो मोडतही नाही. आठवताक्षणी थांबायचं आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. हदीस म्हणते, त्याला अल्लाहनंच खाऊ-पिऊ घातलं. मुद्दा पोट रिकामं ठेवण्याचा असता तर असा नियम झाला असता का?

सवलतींबद्दल तू विचारलं नाहीस, पण त्या कळल्याशिवाय चित्र अर्धं राहील. आजारी आणि प्रवासी यांनी नंतर तेवढे रोजे भरून काढायचे. पाळीच्या दिवसांत बाई रोजा धरत नाही, तीही नंतर भरून काढते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही सूट आहे. ज्याला म्हातारपणामुळे किंवा बऱ्या न होणाऱ्या दुखण्यामुळे कधीच जमणार नाही, त्यानं एकेका रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालायचं. जिथं रोजांची आज्ञा आहे तिथंच कुरआन सांगतं की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, कठीणपणा नको. आजारपणात हट्टानं रोजे ओढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, पण अल्लाहनं दिलेली सवलत नाकारण्यात मला धार्मिकपणा दिसत नाही.

आणि जाणूनबुजून मोडला तर? एक माणूस धावत प्रेषितांकडे आला, म्हणाला, माझा नाश झाला. रोजात बायकोजवळ गेलो. प्रेषितांनी विचारलं, गुलाम मुक्त करू शकतोस? नाही. सलग दोन महिने रोजे धरशील? नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. तो बसून राहिला. तेवढ्यात कुणी खजुरांची टोपली आणून दिली. प्रेषित म्हणाले, ही घे, दान कर. तो म्हणाला, माझ्यापेक्षा गरिबाला? मदिनेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या घरापेक्षा गरीब घर नाही. प्रेषित दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, जा, घरच्यांना खाऊ घाल. दंडाचा नियम कडक आहे आणि तो आजही आहे. पण मला नियमाइतकंच ते हसू लक्षात राहतं.

पोटाचा रोजा त्या मानानं सोपा. जिभेचा अवघड. खोटं बोलणं आणि खोटं वागणं ज्यानं सोडलं नाही, त्यानं अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशी हदीस आहे. कुणी शिवी दिली, भांडायला आला तर ‘मी रोजाने आहे’ एवढंच म्हणायचं. दुपारी चारनंतर हे किती जड जातं ते तुझ्या मित्राला विचार. त्या वेळी तो गप्प दिसला तर रागावलाय असं समजू नकोस.

रात्री इशाच्या, म्हणजे दिवसातल्या शेवटच्या नमाजेनंतर तरावीह ही रमजानमधली जादा नमाज असते. उभं राहून कुरआन ऐकायचं, पुष्कळ ठिकाणी महिन्याभरात तो पूर्ण होतो. कुठं वीस रकात, म्हणजे नमाजेची आवर्तनं, पढतात, कुठं आठ, त्यावरून वाद घालणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींपैकी एक शबे कद्र, हजार महिन्यांहून श्रेष्ठ. नक्की कुठली ते झाकून ठेवलंय, म्हणून माणसं सगळ्याच रात्री जागतात. वर्षभर साठून राहिलेल्या, ठरलेल्या मर्यादेपुढच्या संपत्तीवर अडीच टक्के जकात असते. ती पुष्कळ जण याच महिन्यात काढतात. ईदच्या नमाजेआधी घरातल्या प्रत्येकामागे गरिबांना फितरा हे दान द्यायचं, म्हणजे त्या दिवशी कुणी उपाशी राहू नये. आणि ईदच्या दिवशी रोजा धरायला मनाई आहे.

आता तुझ्याबद्दल. मित्रासमोर जेवायला लाजू नकोस, त्याला त्याचा त्रास होत नाही. ‘भूक लागली का रे’ असं दर तासाला मात्र विचारू नकोस. रोजा तुझ्यावर बंधनकारक नाही, तेव्हा धरायचाच असेल तर परीक्षा म्हणून धरू नकोस. आदल्या दोन-तीन दिवसांत चहा-कॉफी कमी कर, नाहीतर दुपारी डोकं धरून बसशील. काही औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचार. सहेरीला त्याच्याबरोबर ऊठ. चक्कर आली तर सरळ पाणी पी, त्यात हार नाही.

आणि इफ्तारला त्याच्या शेजारी बस. शेवटची पाच मिनिटं अन्न समोर असतं आणि कुणी हात लावत नाही. त्या वेळी बोलू नकोस, नुसता बस. मग पहिला घोट. तेव्हा म्हणायची एक छोटी दुआ आहे, मित्र ती पुटपुटेल. तिचा अर्थ आधीच सांगून ठेवतो: तहान गेली, शिरा ओल्या झाल्या आणि अल्लाहनं ठरवलं असेल तर फळही निश्चित झालं.

कसा गेला दिवस ते लिही. विशेषतः दुपारचं.

तुझा,
काका