ब्राउझरमधून थेट डेटाबेसला का जोडता येत नाही? मध्ये सर्व्हर लागतोच का?

पायथनमधून पोस्टग्रेस या डेटाबेसला चार ओळींत जोडता येतं, मग ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला काय अडतं, आणि सोसायटीच्या मेंटेनन्सच्या नोंदींसाठी मध्ये नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा) सर्व्हर कशाला, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी एक करून बघा. आपल्याच मशीनवर पोस्टग्रेस चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये एचटीटीपीने लोकलहोस्टचा (म्हणजे आपल्याच मशीनचा) 5432 पोर्ट उघडा, पोस्टग्रेस तिथेच ऐकत असतो. पान येणार नाही, पण पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये 'इनव्हॅलिड लेंग्थ ऑफ स्टार्टअप पॅकेट' अशी ओळ पडलेली दिसेल. म्हणजे ब्राउझर दारापर्यंत पोचला होता, बोलणं जुळलं नाही. एचटीटीपीची विनंती 'जीईटी' ही तीन अक्षरं आणि एक स्पेस अशी सुरू होते. पोस्टग्रेस मात्र पहिले चार बाइट पुढच्या पॅकेटची लांबी म्हणून वाचतो. ती निघते 1195725856, म्हणजे जवळपास एकशेवीस कोटी बाइट! तो लगेच कनेक्शन तोडतो.

भाषा शिकवता येईल म्हणाल, तर खरंच येते. नोडमधला पोस्टग्रेसचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्या भाषेत बोलणारी लायब्ररी, जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे. पण नोडमध्ये कच्चं टीसीपी सॉकेट, म्हणजे कुठल्याही मशीनशी कुठल्याही भाषेत बोलायची थेट जोडणी, उघडता येतं, ब्राउझरमधल्या पानाला ते मुद्दामच दिलेलं नाही. तुम्ही ऑफिसात बसून पाककृतींची एखादी साइट उघडलीत, तर तिचा कोड ऑफिसच्या फायरवॉलच्या आत, तुमच्या मशीनवर चालतो. त्याला हवं ते सॉकेट मिळालं, तर तो राउटर, प्रिंटर, अकाउंट्सचा डेटाबेस, सगळ्यांशी बोलायला मोकळा. ब्राउझरला वेबसॉकेट नावाची सतत चालू राहणारी जोडणी मिळते, पण समोरच्या सर्व्हरने आधी त्याच्या पद्धतीने होकार द्यावा लागतो, आणि पोस्टग्रेस तो देत नाही.

समजा, हेही सुटलं. मग पासवर्ड कुठे ठेवणार? एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंगच्या वेगळ्या फाइलमध्ये) ठेवलात तरी ब्राउझरच्या कोडने तो वापरला की बिल्ड करताना बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरला पाठवायच्या कोडमध्ये, जाऊन बसतो. एफ-12 दाबलं की दिसतो.

आणि खरी गोम पुढे आहे. समजा, फ्लॅट 304 वाल्यांना फक्त त्यांचीच थकबाकी दिसते, कारण तुमच्या जावास्क्रिप्टने क्वेरीत फ्लॅट नंबरची अट घातली. पण ते जावास्क्रिप्ट त्यांच्याच लॅपटॉपवर चालतंय. अट काढली की अख्ख्या सोसायटीची यादी समोर, आणि अपडेटचा अधिकार असेल तर स्वतःची थकबाकी शून्य. डेटाबेसच्या लेखी सगळे एकाच लॉगिनने आलेले, त्यामुळे 304 कोण नि 502 कोण हे त्याला कळायचा मार्गच नाही. सर्व्हर म्हणजे हॉटेलातला वेटर असं सगळीकडे शिकवतात, मला ते अर्धवट वाटतं. निरोप पोचवण्यापेक्षा 'हे तुम्हाला मिळणार नाही' म्हणणं हे सर्व्हरचं मोठं काम, आणि ते समोरच्याच्या हातात नसलेल्या मशीनवरच व्हायला हवं.

शिवाय प्रत्येक ब्राउझर थेट जोडला तर कनेक्शनच्या मर्यादेची अडचण वेगळीच. पोस्टग्रेसमध्ये ती मुळात 100 असते, आणि प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस लागते.

'मग सुपाबेस (ब्राउझरमधून वापरता येणारी तयार पोस्टग्रेस सेवा) कसं चालतं?' असं विचाराल. तिथेही थेट जोडणी नाहीच. पोस्टग्रेससमोर पोस्टग्रेस्ट नावाचा सर्व्हर बसवलेला असतो, तो ब्राउझरशी एचटीटीपीत बोलतो आणि लॉगिन कोणाचं आहे हे पोस्टग्रेसला कळवतो. ब्राउझरमधली एपीआय की (सेवेची किल्ली) सगळ्यांना दिसणार हे धरूनच चालतात. कोणाला कुठली ओळ दिसावी हे पोस्टग्रेसच ठरवतो, रो लेव्हल सिक्युरिटी वापरून, 9.5 आवृत्तीपासून ती सोय त्यात आहे.

तुमच्या कामाला हे पुरेल, नोड लिहायची गरज नाही. फक्त प्रत्येक टेबलवर ती सिक्युरिटी चालू करा, पॉलिसी (कोणाला कुठली ओळ दिसेल याचे नियम) लिहा आणि ही सिक्युरिटी ओलांडणारी सर्व्हिस रोलची की चुकूनही ब्राउझरच्या कोडमध्ये घालू नका. खऱ्या सभासदांची नावं भरण्याआधी 502 म्हणून लॉगिन करा आणि ब्राउझरच्या कन्सोलमधून (एफ-12 दाबल्यावर कोड चालवायची जागा) 304 ची थकबाकी मागून बघा. रिकामी यादी आली पाहिजे.