जर्मनीला निघण्यापूर्वी मुलांना घरी किती जर्मन शिकवावे?

येत्या ऑगस्टमध्ये ठाण्याहून स्टुटगार्टला जायचे नक्की झाले आहे, मुले चार आणि सहा वर्षांची आहेत, तेव्हा आतापासूनच घरात मराठी बंद करून जर्मन बोलायला लागावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे, की घरातली मराठी मुळीच बंद करू नका. मी ठाण्यात पाचपाखाडीत वाढले, माझी दोन्ही मुले स्टुटगार्टमधल्या शाळेत शिकली, आणि नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न मी वारंवार ऐकते. जेमतेम ए-वन, म्हणजे जर्मनची अगदी पहिल्या पातळीची, परीक्षा दिलेल्या आई-वडिलांचे जर्मन तोकडे असते; मुलाने ‘असं का?’ म्हणून विचारले की उत्तर द्यायला शब्द सापडत नाहीत, आणि हळूहळू घरातले बोलणेच आटते. व्याकरण आणि शब्दसंग्रह मुलांना इथल्या बालवाडीत, म्हणजे किटामध्ये, आणि शाळेत इतर मुलांकडून मिळतो, आणि तो आपल्यापेक्षा कितीतरी अस्सल असतो.

हाताशी असलेल्या महिन्यांत मुलांचे कान आणि जीभ तयार करा. आरशासमोर उभे राहून ‘ई’ म्हणायचे आणि आवाज न बदलता ओठांचा मात्र ‘ऊ’सारखा चंबू करायचा, की ‘फ्युन्फ’ म्हणजे पाच या शब्दातला स्वर निघतो. या खेळात चार वर्षांचे मूल मोठ्यांना सहज मागे टाकते.

अंकांच्या बाबतीत तर मराठीचा थेट उपयोग होतो. पंचवीस म्हणताना आपण एकक आधी आणि दशक नंतर उच्चारतो, तसेच जर्मनमध्ये ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे पाच आणि वीस, असे म्हणतात. ‘ट्वेंटी फाइव्ह’ची सवय झालेली मुले इथे ऐकलेले 25 बरेचदा 52 असे लिहितात. म्हणून आजी-आजोबांकडून मराठी अंक पक्के करून घ्या. उपवनला फिरायला जाताना रिक्षांचे नंबर मराठीत वाचून घेतले तरी पुरे. लिंगेही मराठीप्रमाणे तीनच आहेत, पण ती जुळतील असे मानू नका, कारण जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे नाम कधीही सुटे शिकवू नये. ‘डी झोने’ म्हणजे सूर्य, ‘डेर मोंट’ म्हणजे चंद्र, असे एका दमात म्हणून घ्यावे.

वाक्ये मोजकीच, पण अडीनडीला लागणारी द्या. शू लागली हे सांगण्यासाठी ‘इश मुस आउफ्स क्लो’, खेळात घेण्यासाठी ‘दार्फ इश मिटश्पीलन?’, आणि कोणी त्रास दिला तर ‘श्टॉप, दास विल इश निश्त’. यातले पहिले वाक्य तर झोपेतून उठवले तरी म्हणता आले पाहिजे, इतके घोटून घ्या.

मोठ्याला जर्मन वाचायला मात्र घरी शिकवू नका. इंग्रजी वाचणारे मूल डब्ल्यूचा उच्चार इंग्रजीच्या सवयीने करते. जर्मनमध्ये तो आपल्या ‘व्ह’सारखा आहे, झेडचा उच्चार ‘त्स’ होतो आणि जे चा ‘य’. ही सवय मोडण्यात शाळेचे पहिले महिने जातात. ठाण्यात सीनियर केजीतले मूल लिहू-वाचू लागते, इथे रीतसर वाचन पहिलीत सुरू होते, तेव्हा मागे पडण्याची भीती नाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये शाळा सप्टेंबरच्या मध्यास उघडतात, आणि जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी अनेक शाळांत ‘फोरबेरायटुंग्सक्लासं’, म्हणजे पूर्वतयारीचे वर्ग, असतात. पत्ता ठरला की जवळच्या प्राथमिक शाळेला त्याबद्दल लगेच लिहा.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. धाकटे मूल किटात गेल्यावर काही आठवडे, कधी काही महिनेही, एक अक्षर बोलणार नाही. ते त्या काळात ऐकत असते. त्याला पाहुण्यांपुढे ‘जर्मन बोलून दाखव’ असे म्हणू नका, आणि दिवसभर काय झाले ते रात्री मराठीत भरपूर बोलू द्या. सुरुवातीच्या दिवसांत किटात पालकालाही मुलासोबत बसू देतात. आई-वडिलांपैकी एकाने तेवढे दिवस नोकरीपासून मोकळे ठेवावेत.