चौदाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात तेव्हा

मुलींच्या शाळेसाठी देणग्या गोळा करत तू जी अर्धमॅरेथॉन पळणार आहेस, तिचा अठरा किलोमीटरचा सराव अर्धवट सोडावा लागला म्हणून तू इतकी खट्टू झालीस, पण मला त्यात काळजीचं काही दिसत नाही. दीड-दोन तासांनंतर स्नायूंतली साठवलेली साखर संपत येते आणि पाय शिशाचे होतात. निम्मं दुखणं तिथलंच असतं. म्हणून भूक लागायची वाट बघू नकोस. पाऊण तास झाला की एक खजूर किंवा चिक्कीचा तुकडा खा, मग दर अर्ध्या तासाने. नुसतं पाणी ढोसू नकोस, ओआरएस घे. आपल्या बडोद्याच्या दमट हवेत घामावाटे मीठ फार जातं.

वेग मात्र आधी उतरव. शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दांडिया बाजारातून अकोटा पुलावर चढताना तू जोर लावतेस, तो चढ सरळ चालत घे. उजाडायच्या आत निघ.

थकवा दोन्ही पायांत सारखा असेल तर पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत जा, मग त्याच्या पुढच्या. एकाच जागी टोचून दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांब आणि रिक्षाने घरी ये. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

आणि देणगीदारांचं दडपण घेऊ नकोस गं. त्यांनी पैसे मुलींच्या शाळेसाठी दिलेत, तुझ्या वेळेसाठी नाही. २१.१ किलोमीटरमधले काही चाललीस तरी चालेल. रविवारी पहाटे पाच वाजता कमाटीबागेच्या फाटकाशी ये, मी बरोबर पळते.