रत्नागिरीत एका दिवसात भाट्ये किनारा आणि लोकमान्यांचं जन्मघर बघून होईल का? घरात नुसते फोटोच आहेत असं ऐकलं, मग वेळ काढावा का?

एका दिवसात आरामात होईल. भाट्ये खाडीच्या पुलापलीकडे, जन्मघर टिळक आळीत, भर शहरात. रिक्षाने जाऊन येण्यासारखं. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. अगदी हेच वाक्य मी त्या घराच्या अंगणात, माझ्या वडिलांच्या समोर ऐकलं आहे.

आमचे अण्णा रत्नागिरीत प्राथमिक शिक्षक होते. दर वर्षी पुण्यतिथीच्या आसपास चौथीची मुलं रांगेने त्या घरी न्यायचे. निवृत्त झाल्यावर पाहुण्यांना न्यायला लागले. एका दिवाळीत माझे साडू पुण्याहून सहकुटुंब आले. सकाळी भाट्ये, अकराला जन्मघर, मग घरी जेवण असा बेत ठरला. अण्णा म्हणाले, "तुम्ही समुद्रावरून या, मी परस्पर तिकडे पोचतो."

भाट्ये तर तुम्ही बघालच. लांबलचक सरळ किनारा, मागे सुरूचं बन, एका अंगाला खाडीचं मुख आणि पलीकडे मांडवी. त्या दिवशी ओहोटी होती, पोरं पाण्यातून हलेनात. मी तीनदा म्हटलं, अण्णा वाट बघत असतील. साडू म्हणाले, "अहो, घर कुठे पळून चाललंय? समुद्र रोज मिळतो का आम्हाला?" शहाळी झाली, फोटो झाले. आम्ही टिळक आळीत पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता.

अण्णा पायरीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला कागद; सांगायचे मुद्दे ते अजूनही लिहून काढायचे. ऊन मी म्हणत होतं. साडूंनी पुतळ्यापाशी मुलांना उभं करून फोटो काढला, आत एक फेरी मारली आणि म्हणाले, "इथे नुसते फोटोच आहेत. खरं बघायचं तर आमच्या केसरीवाड्यात या. टिळक शेवटी पुण्याचेच." सात-आठ मिनिटांत सगळे गाडीत. अण्णांनी तो कागद खिशात ठेवला आणि वाटेत मुलांना फक्त विचारलं, "भूक लागली ना रे?"

त्या कागदात काय होतं ते मला पाठ आहे, कारण चौथीत मीही त्या रांगेत होतो. टिळक २३ जुलै १८५६ला रत्नागिरीत जन्मले आणि दहा वर्षांचे होईपर्यंत इथेच वाढले. १८६६ मध्ये वडिलांची बदली झाली म्हणून पुण्याला गेले. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृतचे जाणकार. एक श्लोक पाठ केला की मुलाला एक पै द्यायचे असं सांगतात. पाळण्यातलं नाव केशव, पण आई 'बाळ' म्हणायची. ज्या नावाने देश त्यांना ओळखतो ते घरातलं हाक मारायचं नाव आहे. हे सांगताना अण्णा थांबायचे आणि एकेका मुलाला विचारायचे, "तुला घरी काय म्हणतात?"

आणि शेवटी थिबा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत कैदेत होता, १९१६ साली इथेच वारला. त्याची राजधानी मंडाले. इंग्रजांनी १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा दिली आणि नेलं ते मंडालेलाच, १९१४ पर्यंत. म्हणजे सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत बंदी. हे ऐकून चाळीस पोरांचा वर्ग गप्प व्हायचा, मी पाहिलंय.

तेव्हा घरात वस्तू किती आहेत हे मोजू नका. कौलारू घर आहे, एका शिक्षकाचं. एवढ्याशा घरातून तो माणूस निघाला हेच तिथे बघायचं. केसरीवाडा मोठाच आहे, मी दोनदा जाऊन आलोय. पण तिथे लोकमान्य दिसतात, इथे बाळ. पुण्याने त्यांना मोठं केलं हे मला मान्य आहे, पण 'पुण्याचेच' हे अजिबात मान्य नाही.

म्हणून क्रम बदला. सकाळी आधी घर, मग थिबा राजवाडा, आणि उन्हं कलली की भाट्ये. समुद्रावर आधी गेलात की कोणी निघत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र खाडीच्या मुखाकडे पाण्यात उतरू देऊ नका, तिथे ओढ फार असते. पावसाळ्यात येणार असाल तर समुद्र लांबूनच बघा. जेवायचं विचारलंत, तर त्याचं मी काय सांगणार, आम्ही घरी जेवतो.

साडू चांगला माणूस आहे, अण्णांच्या आजारपणात रात्री जागलाय, हेही सांगायला हवं. पण त्या दुपारचं मी त्यांना कधी बोललो नाही. अण्णा आता नाहीत. कागद माझ्याकडे आहे. हे उत्तर मी साडूंनाही पाठवतो आहे.